सतरा नंबरचा खण

आमच्या निवासी शाळेवर कादंबरी आली आणि माझ्या नावाला काळं फासलं गेलं. त्यातली मेट्रन मुलींची पत्रं दडवून ठेवते. मुली तिला कुलूपबाई म्हणतात. तीस वर्षं तिथली मेट्रन मीच होते, तेव्हा कुलूपबाई कोण हे सांगायला ज्योतिषी नको. धाकटी बहीणसुद्धा फोनवर हसून म्हणाली, "ताई, खरंच गं असं करायचीस?" मी फोन आपटला.

आता वाचक शाळा बघायला येतात, म्हणून तिथे जुन्या वस्तूंची एक खोली मांडायची ठरली. उद्घाटनाला लेखिका, आमचीच जुनी विद्यार्थिनी, स्वतः येणार होती. सामान ओळखायला मला बोलावलं. मी एकच वाक्य घोकत निघाले, "मी एकही पत्र अडवलं नाही." सगळ्यांदेखत तिच्याकडून कबूल करून घेणार होते.

अडगळीतून पत्रांचं कपाट बाहेर काढलेलं होतं. चाळीस खण, प्रत्येकाला नंबर, फट आणि कुलूप. पत्त्यात मुलीचा नंबर असायचा. तो बघून मी पत्र फटीतून आत टाकायचे, मुलगी आपल्या किल्लीने काढायची. इतक्या जणींचं आवरता आवरता नावं वाचत बसायला वेळ कुणाला होता?

लेखिका तेव्हा दहा वर्षांची, आई दवाखान्यात. रोज विचारायची, "मावशी, पत्र आलं?" मी तिला माझ्यासमोर अडतीस नंबरचा खण उघडायला लावायचे. रिकामा. शेवटी एकदा खेकसले, "डोकं खाऊ नकोस." त्याच सहामाहीत आई गेली आणि मामा तिला कायमचा घेऊन गेला.

कपाट भिंतीला लावताना सतराव्या खणात काहीतरी घसरलं. माझ्या जुन्या जुडग्यातली किल्ली लागली. आत अकरा पत्रं. नाव तिचं, नंबर सतरा.

मग आठवलं. सुट्टीनंतर मी तिला वरच्या मजल्यावर हलवलं, सतराची किल्ली परत घेतली आणि अडतीसची दिली. सतरा पुढे कुणालाच दिला नाही. नवा नंबर आईला कळवायचं काम माझंच. ते राहून गेलं. आई सतराच लिहीत राहिली आणि मी माझ्या हाताने ती पत्रं बंद खणात टाकत राहिले. पुढच्या वर्षी नवं कपाट आलं, हे अडगळीत गेलं. पत्रं पिशवीत कोंबून मी स्टुलावर बसले.

तेवढ्यात लेखिका आली. केस पिकलेत, पण चाल तीच, पाय घासत. तिने माझे हात धरले.

"मावशी, माफी मागायची आहे. तुम्ही पत्रं दडवली नाहीत हे मला माहीत होतं. आईने लिहिलंच नाही. तसं लिहायला हात धजेना, म्हणून तुमच्यावर ढकललं. आज सगळ्यांसमोर सांगून टाकते."

हेच ऐकायला तर आले होते! घरी जाऊन पत्रं जाळली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. खोटं कशाला सांगू, मनात आलं तसं.

"काही सांगू नकोस," मी म्हटलं आणि पिशवी तिच्यापुढे धरली. "आईने लिहिलं होतं, बाळा. अकरा पत्रं."

तिने वरचं पाकीट काढलं, पत्त्यावरच्या अक्षरावर बोट फिरवलं. "मग तुम्ही रोज 'नाही' का म्हणायचात?"

मी किल्ली दाखवली, सगळं सांगितलं. तिने किती ऐकलं कोण जाणे. ती जमिनीवर बसून पहिलं पत्र वाचत होती.