तेविसावं धुणं

तेविसाव्या धुण्यानंतर तिन्ही शर्टांनी मान टाकली. एकाची बगल उसवली, दुसऱ्याच्या कॉलरचा काठ विरला आणि तिसऱ्याच्या पोटावर इतके गोळे आले की तो खरूज झाल्यासारखा दिसू लागला. ताईंनी तिन्ही शर्ट दिव्याच्या पेटीत ठेवून न धुतलेल्या चौथ्याशी ताडून पाहिले. मशीनच्या जाळीतला तंतूंचा लगदा वाळवला, तराजूवर ठेवला आणि वहीत नोंद केली. जाळीत अडकतो तो लगदा मोजता येतो. जो निसटतो तो पाण्याबरोबर गटारात जातो. त्याचा रकाना वहीत नाही.

ताई या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं कपडे धुतात. नवीन आलेलं माणूस पहिल्या आठवड्यात हमखास विचारतं, "म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?" त्या सांगतात, "तुमच्या घरी होतं तेच. फक्त इथे सही करावी लागते."

या वेळी अडचण सहीचीच होती. एका कंपनीला या शर्टावर हिरवं लेबल लावायचं होतं. त्याचं गणित असं: शर्ट बनवायला लागलेलं पाणी, रंग, वीज, धूर या सगळ्याचा मिळून एक आकडा काढायचा आणि शर्ट जितकी धुणी टिकेल तितक्याने त्याला भागायचं. पन्नासने भागलं तर लेबल मिळत होतं, तेविसाने भागलं तर नाही. आणि कितीने भागायचं, ते ताईंच्या सहीने ठरणार होतं.

दुपारी चार वाजता साहेब वही हातात घेऊन आले. आठ वर्षांपूर्वी ते ताईंच्याच हाताखाली शिकले होते.

"ताई, हे तेवीस काय आहे?"

"बाविसाच्या पुढचा आकडा."

"थट्टा नको. त्यांनी पन्नास धरलेत."

"त्यांनी धरलेत. शर्टाने नाही धरले."

"अहो, पन्नास धुण्यांत माणूससुद्धा विटेल!"

"मग माणसाला लेबल लावू नका."

साहेबांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. नव्याने चाचणी करायची होती: थंड पाणी, हाताने धुणं, सावलीत वाळवण. शर्टाच्या आतल्या पट्टीवर तशीच सूचना छापलेली होती.

"घरी कोण धुतं असं?" ताईंनी विचारलं.

"सूचना आहे ना." ते उठले. दारापाशी थांबून, मागे न बघता म्हणाले, "हाताच्या धुण्याला मशीनसारखा काउंटर नसतो, ताई. तुमच्या पेन्सिलीच्या रेघा, तेवढंच."

घरी ताईंची आई फरशी पुसत होती. हातात मागच्या चाचणीतल्या शर्टाचा तुकडा होता.

"हे फडकं तुझ्या साहेबाला परत नेऊन दे. मेलं पाणीच पीत नाही. इकडचं तिकडे करतं नुसतं. तुझ्या वडिलांचा सदरा बारा वर्षं अंगावर होता, मग चार वर्षं पोतेरं झाला. याला ना धड जगता येत, ना मरता."

ताईंनी पर्स ठेवली आणि लेबलाचं गणित सांगितलं. आईने फडकं पिळायचा प्रयत्न केला. त्यातून काहीच निघालं नाही.

"म्हणजे एका पापाचे पन्नास वाटे केले की एकेक वाटा हलका होतो."

"हो."

"आणि वाटे करणारी तू."

"मी मोजणारी, आई."

"मग मोज की. पण आधी मनगटाला तेल लाव."

दुसऱ्या दिवसापासून ताई त्याच कंपनीचे तीन नवे शर्ट घेऊन टबापुढे बसल्या. भिजवणं, चोळणं, चार पाण्यांतून काढणं, सावलीत पंख्याखाली टांगणं. दिवसाला दोन धुणी व्हायची. आठव्यापासून उजवं मनगट बोलू लागलं. अठराव्यानंतर त्यांना बरणीचं झाकण आईकडून उघडून घ्यावं लागलं. "जन्मभर मी तुझी झाकणं उघडायची का?" आई म्हणाली आणि उघडून दिलं.

पंधराव्या दिवशी सकाळी, एकोणतिसाव्या धुण्याला, दोन शर्टांच्या बगला एकाच वेळी गेल्या. तिसऱ्याच्या कॉलरमधून आतलं अस्तर दिसत होतं.

कागदावर एकोणतीस रेघा होत्या. उरलेल्या एकवीस ओढायला अर्धं मिनिट पुरलं असतं. खोलीत कोणी नव्हतं. मनगट ठणकत होतं आणि हे शर्ट पुन्हा भिजवायचे, या विचारानेच ताईंना खाली बसावंसं वाटलं. त्यांनी पेन्सिल टेकवली. तिसाव्या रेघेचा ठिपका उमटलासुद्धा.

मग त्यांनी खोडरबर शोधला. तो सापडला नाही. त्यांनी ठिपक्याभोवती गोल केला, शेजारी 'चुकून' असं लिहिलं आणि खाली सही केली.

साहेबांनी कागद उभ्याउभ्याच वाचला.

"सहाच वाढली."

"हाताने धुतलं, थंड पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं, तर सहा वाढतात. तसं लिहिलंय."

"आणि हा ठिपका?"

"तो माझा."

साहेबांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "ते दुसऱ्या लॅबकडे जातील, ताई."

"जातील."

"तिथे पन्नास मिळतील त्यांना."

"मिळतील."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, ताईंच्या सहीखाली आपली सही केली आणि कागद जावकच्या ट्रेमध्ये टाकला.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस येऊन न धुतलेला चौथा शर्ट तेवढा घेऊन गेला. फाटलेले सहा त्याला नको होते.

त्याच दुपारी साहेबांनी टेबलावर नवं पार्सल ठेवलं. दुसऱ्या एका कंपनीच्या चार पँटी होत्या.

"किती?" ताईंनी विचारलं.

"पन्नास," साहेब म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "म्हणजे, त्यांचं म्हणणं."

ताईंनी वहीचं नवं पान उघडलं आणि पेन्सिल डाव्या हातात धरून पाहिली.