अर्धी भिंत

"मिस्त्री, ह्या भिंतीत दोन काळ आहेत," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी खडूनं मधोमध उभी रेघ ओढली.

गावातल्या या जुन्या घराचा इतिहास लिहायला त्या चार दिवसांपासून टेप घेऊन फिरत होत्या. मूळचं बांधकाम ठेवायचं, नंतरचं पाडायचं, असं नव्या मालकांशी ठरलं होतं. पाडायचं काम मिस्त्रीकडे होतं.

"हे बघा. डावीकडचे थर जाड, उजवीकडचे बारीक. मधे अर्ध्या बोटाची पायरी. एक बाजू आधीची, दुसरी कुणीतरी नंतर जोडलीय."

मिस्त्रीनं पाहिल्यासारखं केलं. पस्तीस वर्षांपूर्वी इथली भिंत ढासळली, तेव्हा तिच्याच दगडांतून त्यानं आणि धाकट्या भावानं आठवड्याभरात ही उभी केली होती. हा उजवीकडून, धाकटा डावीकडून. धाकट्याचा हात सढळ. दगडाखाली दोन-दोन बोटं चिखल थापायचा. मधे थर जुळले नाहीत तेव्हा मिस्त्रीनं चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली होती. "दोरी काय कपडे वाळत घालायला बांधलीय?"

"राहू दे की दादा, कुणाला कळतंय?" धाकटा हसला होता.

पुढच्याच महिन्यात तो दुसऱ्या कामावर परांचीवरून पडला आणि गेला. तेव्हापासून मिस्त्रीच्या आत काही हलेनासं झालं. लेकीचं लग्न झालं, बायको गेली. हा आपला वेळेवर कामाला हजर.

"तुमचा हात यात मुरलेला. सांगा, जुनी बाजू कोणती?"

खरं सांगितलं तर अख्खी भिंत जाणार होती. इतक्या वर्षांत त्यानं कुणाला खोटं माप सांगितलं नव्हतं.

"डावी," तो म्हणाला. "असे थर आता कोण लावतं, मॅडम?"

"वाटलंच मला. किती जुनी असेल?"

"घराच्याच वयाची."

मॅडमनी नकाशात डावी बाजू काळी भरली आणि उजवीवर फुली मारली.

दुपारी त्यानं आपली बाजू वरून उतरवायला घेतली. स्वतः रचलेले दगड हाताला ओळखू येत होते. वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. खडूच्या रेघेपाशी आल्यावर मात्र त्यानं पहार बाजूला ठेवली आणि धाकट्याच्या दगडांना धक्का लागू नये म्हणून आपला एकेक दगड हातानं सोडवू लागला.