सोप्यातला व्हिडिओ कॉल

डोकं फिरलंतं माझं. माझ्या पोरीनं, अनुजानं, मला न विचारता पुण्याच्या कुठल्या तरी समुपदेशनवाल्या मॅडमची ऑनलाइन वेळ घेऊन टाकली. वर मलाच दम, "पप्पा, घरात कुणाला सांगू नका, पण बोला." सांगतोय कशाला? कोडोलीत पाण्याच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान हाय माझं. कृष्णातला टेन्शन आलंय म्हटल्यावर गिऱ्हाईक कमी आणि सल्लं देणारी जास्त येतील.

झालंतं काय, तर छातीत धडधड. जेवताना, दुकानात, गाडीवर, कवाबी. कोल्हापुरात राजारामपुरीला दोन डॉक्टर केलं, ईसीजीची पट्टी काढली. दोघांनी बी सांगितलं, हार्ट एकदम ओके, तुम्ही विचार लई करताय. विचार एकच होता. आमचं आबा ज्या वयात उभ्याउभ्या गेलं, त्या वयाला मी येऊन पोचलोय. आता माझी पाळी. हे कुणापुढं काढायची सोय न्हाई, आईपुढं तर न्हाईच न्हाई. नवरा तसा गेला, आता पोरगा बी तेच धरून बसलाय कळलं तर म्हातारी खचंल.

शनिवारी दुपारी आतल्या खोलीला कडी घालून बसलो. रेंज गुल! मॅडमचं तोंड थिजलं, आवाज तुटाय लागला. उठलो, बसलो, खिडकीला गेलो, शेवटी झक मारत बाहेरच्या खोलीत, सोप्यात आलो. आई भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. कानात घालायचं ते बड्स चार्ज करायचं राहिलंतं. मग तसाच स्पीकरवर, हळू आवाजात. आमच्यातलं हळू म्हंजे गल्लीच्या टोकापर्यंत जातंय.

"कधीपासून होतंय असं?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोवर आई जागी. "कोण हाय रं? पावणी हाय व्हय? दे की हिकडं!"

आमच्या घरात व्हिडिओ कॉल कुणा एकाचा नसतोय. हळदी-कुंकवाच्या तबकागत घरभर फिरतोय. मी न्हाई न्हाई म्हणतोय तोवर आईनं फोन काढून घेतला. स्वयंपाकघरातनं पिठाच्या हातानं माझी बायको क्रांती बी डोकावली.

"जेवलीस का बाई?" आई फोनमध्ये ओरडली.

"हो आजी, जेवले." मॅडम बिचाऱ्या हसल्या.

"आई, बँकेची बाई हाय ती. दे!"

"गप रं. बँकेची बाई कवापासनं होतंय विचारती व्हय?" आईनं माझ्याकडं बघितलंच न्हाई. "बाई, तू डॉक्टरीण हाईस न्हवं? मग ऐक. ह्यो दिवसभर मनगट धरून नाडी बघतोय. आमाला काय दिसत न्हाई, असं वाटतंय ह्याला. बाच्या वयाला आलाय ह्यो. ह्यो मोजतोय, तवा मी बी मोजतीयच की."

क्रांती उंबऱ्यातच खाली बसली. "मी बी," ती म्हणाली.

पाय एका जागी ठरंनात. दाराकडं गेलो, परत आलो, परत गेलो. ओरडावं वाटलं, आणि ओरडलोच. "मग मला बोललं का न्हाई कुणी?"

"तू बोललास?" आई बी तेवढ्याच जोरानं. मग तिचा आवाज बसला. "तुझ्या आबांना बी असंच व्हायचं रं. त्यांनी कुणालाच सांगितलं न्हाई. दिसत होतं मला, पण मी विचारलं न्हाई. घाबरलासा व्हय, असं नवऱ्याला कसं विचारायचं?"

मी तिच्याजवळ खाली बसलो. "आई, मला मरायचं भ्या वाटतंय," म्हटलं, आणि पोरागत रडाय लागलो. लाजबिज काय न्हाई.

फोन आईच्या मांडीवर पडलता. त्यातनं मॅडमचा आवाज आला. "सर, तुम्हाला एकट्यानं बोलायचं असेल तर बाकीच्यांना जरा आत जायला सांगाल का?"

मी फोन उचलला, डोळं पुसलं.

"न्हाई मॅडम," म्हटलं, "बसूद्यात सगळी. आता कुठं बोलाय लागलीत ती."