गूळ-चण्याची पुडी

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुठं नेऊ नये. तरी माझ्या लेकीनं, तेजस्विनीनं, नेलंच. लेण्याद्रीपलीकडच्या माळावर तिच्या कंपनीच्या बिनमाणसाच्या विमानाची चाचणी होती. पन्नास किलो रेशन समोरच्या डोंगरमाथ्यावर उतरवायचं. बघायला लष्कराचे साहेब आलेले. आज जमलं नाही तर पोरीची तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

आबांनी उभी नोकरी फौजेत खेचरांवर रेशन वाहण्यात काढली, पार बर्फातल्या चौक्यांपर्यंत. त्यामुळं रेशनची पेटी दिसली की त्यांचा हात मध्ये असणारच. "आबा, लांब बसा," मी म्हटलं. ऐकतील तर शपथ.

तेजस्विनीनं बटण दाबलं. पंखे हललेच नाहीत. पडद्यावर लाल अक्षरं आली: वजन जास्त. साहेबांनी घड्याळ बघितलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला, कारण पेटी तिनं सकाळीच मोजून भरली होती.

"माजी पुडी हाय त्यात," आबा हळूच म्हणाले. "गूळ-चणे. चढाआदी जनावराला द्यायचे असत्यात. ह्याला तोंडच दिसंना, म्हून पेटीत टाकली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेजस्विनीनं पुडी काढून आबांच्या हातात दिली.

मग ते उठलं. दोन खाटांएवढं ते यंत्र ओझ्यासकट सरळ वर गेलं, कड्याच्या कडेनं चढलं आणि माथ्यावर टेकलं. सहा मिनिटं. माझ्या अंगावर काटा आला. साहेब लोकही बघतच राहिले.

"आमाला दिवस लागायचा," आबा म्हणाले. "अवसरीचा भागुजी असाच माज्या म्होरं चालला व्हता. खेचरासकट बर्फाखाली गेला."

भागुजीच्या घरी तार गेली होती. अवसरीला गेले तरी आबा अजून त्याच्या आळीनं जात नाहीत.

"तेजू, त्यात कुणीच न्हाई?"

"कुणीच नाही, आबा."

"आन् पडलं तर?"

"तरी कुणीच नाही."

आबांनी माथ्याकडं बघितलं. "म्हंजी कुणाच्या घरी तार जायची न्हाई," ते म्हणाले.

यंत्र रिकामं परत आलं. पंखे थांबल्यावर आबा त्याच्यापुढं बसले आणि पुडी सोडायला लागले. गाठ सुटेना. एरवी मी हसलो असतो. पुढं होऊन मीच दोरा सोडला.