मालकीणबाईंचा आजचा भाग

संपादक ताजा अंक हातात घेऊनच तिच्या टेबलाशी आले.

"बॅग लपवायची जागा झकास काढलीस," ते म्हणाले. "बंद पडलेलं वॉशिंग मशीन! घरातला कुठला पुरुष त्याचं झाकण उघडणार? आमची ही तर हसत सुटेल."

लेखिकेने अंक त्यांच्या हातातून ओढूनच घेतला.

त्या सायंदैनिकात तिची कादंबरी रोज थोडी थोडी छापून येई. नायिका मालकीणबाई ट्रकचा धंदा एकटीने चालवायची, भल्याभल्यांना घाम फोडायची. आजच्या भागात ती नवऱ्याचं घर सोडायची तयारी करत होती. दुपारी मजकूर न्यायला माणूस डोक्यावर उभा होता, बॅगेला जागा सुचत नव्हती, आणि हाताला आली ती जागा लेखिकेने लिहून टाकली. ती खरी होती. तिची स्वतःची बॅग घरी गॅलरीतल्या बंद मशीनमध्ये होती. शनिवारी नवरा परगावी गेला की ती निघणार होती.

अंक गावभर गेला होता. ती धावतच घरी पोचली.

नवरा दुकानातून लवकर आला होता. गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता आणि चहाचा कप त्याने मशीनच्या झाकणावर ठेवला होता.

"या, लेखिकाबाई! आज कुणाला कामावरून काढलं?"

तिने हसून दाखवलं. मालकीणबाईंनी मॅनेजरच्या कानाखाली वाजवली, त्या दिवशीही तो असाच हसत होता. हसत हसत त्याने तिचं मनगट धरलं होतं. हिरवा वळ जाईपर्यंत ती लांब बाह्यांचे कपडे घालत होती.

पेपर वाचून दाखवणं थोरल्या नणंदेकडे होतं. विधवा झाल्यापासून त्या भावाकडेच राहत.

"ताई, होऊन जाऊ दे," तो म्हणाला.

"वन्सं, आधी जेवून घेऊ या का?" लेखिकेने विचारलं.

"तुला कसली घाई?" तो म्हणाला.

नणंदेने चष्मा चढवला. पहिला परिच्छेद छापल्याप्रमाणेच झाला. दुसऱ्याशी त्या थांबल्या. त्यांची नजर मशीनवरच्या कपाकडे गेली, तिथून भावजयीच्या चेहऱ्याकडे.

"काय गं, अडलीस?"

"शाई फिसकटलीये मेली." त्या पुन्हा वाचू लागल्या. "मालकीणबाईंनी नवऱ्याचे पाय धरले. म्हणाल्या, माझं चुकलं. हा धंदा, या किल्ल्या, सगळं तुमचंच. मला फक्त पदरात घ्या."

यातला एकही शब्द लेखिकेचा नव्हता. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"आता कशी वळणावर आली!" नवऱ्याने मांडीवर थाप मारली. "मी म्हणत नव्हतो? बाई लिहायची तर अशी. बघू, चित्र काढलंय का पाय धरतानाचं?"

त्याने हात पुढे केला. नणंदेने पेपराची घडी घातली.

"चित्र कसलं, निम्म्या पानावर मलमाची जाहिरात आहे. आत जाऊन आडवा हो. पाठ दुखते म्हणतोस ना? पुन्हा वाचते."

"पायांपासूनच वाच," तो म्हणाला आणि उठला.

त्याच्यामागून आत जाताना नणंद भावजयीच्या कानाशी पुटपुटल्या, "उद्या दुकानात कुणीतरी बोलेलच. शनिवारी तो परगावी जाईपर्यंत थांबू नकोस."

"आणि तुम्ही?"

"माझ्यावर हात उचलायची त्याची छाती नाही," त्या म्हणाल्या. पण आत जाण्याआधी त्यांनी पेपराची आणखी एक घडी घातली.

आतून वाचन सुरू झालं, नेहमीपेक्षा मोठ्याने. लेखिकेने कप उचलून जमिनीवर ठेवला. झाकण करकरलं. ती थिजली. आतला आवाज आणखी चढला.

"मालकीणबाई ढसाढसा रडल्या. त्यांनी नवऱ्याचे पाय धरले..."

बॅगेचा पट्टा ड्रमच्या कडेला अडकला होता. तिने ओढला तसा तो तुटला. बॅग पोटाशी धरून, चपला हातात घेऊन तिने बाहेरचं दार उघडलं.

"थांब," आत नवरा म्हणाला. "मघाशी ती रडली नव्हती."

नणंद काय म्हणाल्या, ते ऐकायला ती थांबली नाही. अनवाणीच जिना उतरू लागली.

वर पलंग करकरला.

"आण इकडे तो पेपर."