पुढचा स्वार आलाच नाही तर

कॅलिफोर्नियातल्या फॉल्सममध्ये पाहण्यासारख्या दोनच गोष्टी, असं जावई शंतनू म्हणायचा: एक तुरुंग आणि दुसरं घोड्यांच्या टपालाचं ठाणं. तुरुंग पाहायची पद्मिनीबाईंना हौस नव्हती. एप्रिलपासून त्या लेकीच्या, निधीच्या घरात होत्या. गाडी चालवता येत नाही, आणि खिडकीतून माणूस म्हणून दिसायचा तो कुत्रं फिरवणारा.

आता नऊच दिवस उरले होते. इकडच्या मराठी घरांत रिवाजच पडून गेलाय. बाळंतपणाला पहिले सहा महिने मुलीची आई, पुढचे सहा मुलाची. एक विमानात चढते, दुसरी उतरते. अठरा ऑक्टोबरला नागपूरच्या विहीणबाई यायच्या आणि पद्मिनीबाईंनी मिरज गाठायची.

मिरजेत थोरली बहीण कृष्णाअक्का होती, वय चौऱ्याऐंशी. आई गेल्यावर हिनेच धाकटीला वाढवलं. वेणी घालताना पाढे म्हणवून घ्यायची, चुकलं की केस ओढायची. तीच अक्का आता एकेक विसरत चालली होती. निघताना हात धरून म्हणाली होती, "लौकर ये गं. मी असेन, पण माझं डोकं नसेल."

शनिवारी मुलांनी बाईंना ठाणं दाखवायला नेलं. सटर स्ट्रीटवरच्या छोट्या म्युझियममध्ये पांढऱ्या वेणीची एक आजी माहिती सांगत होती आणि निधी ती मराठीत सांगत होती. अठराशे साठ साल. मिझुरीहून निघालेलं पत्र दहा दिवसांत कॅलिफोर्नियात यायचं. दहा-बारा मैलांवर घोडा बदलायचा, शंभरेक मैलांवर स्वार. खोगिरावर चार खिशांचं चामडं असे, त्यात पत्रं. ते उचलून ताज्या घोड्यावर टाकायचं की निघाले.

"विचार गं त्यांना," बाई म्हणाल्या, "पुढचा स्वार आलाच नाही तर?"

आजी हसली. मग आलेल्यानंच पुढे जायचं. टपाल थांबत नसे.

निधीनं हे सांगितलं खरं, पण सांगताना तिनं शंतनूकडे पाहिलं. त्यानं उगाच कडेवरच्या बाळाचं, आर्यचं टोपडं सारखं केलं. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला ती नजर कळायला वेळ लागला नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर सगळं बाहेर आलं. विहीणबाईंचा व्हिसा महिन्यापूर्वीच नाकारला होता. इन्शुरन्सचा म्हणून बाईंची सही घेतलेला कागद मुक्काम वाढवण्याचा होता. बाईंचं परतीचं तिकीट कॅन्सल केलं होतं.

"सांगणारच होतो, आई," शंतनू म्हणाला.

"कधी? एअरपोर्टवर?"

निधी रडायला लागली. टीममधली चार माणसं गेल्या महिन्यात काढली होती. आत्ता रजा मागितली तर पाचवी ती. डे-केअरला जानेवारीपर्यंत जागा नाही. आणि व्हिसा नोकरीवरचा; ती गेली, तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर देश सोडा. बाईंना वाटलं होतं, या घरात आपणच तेवढ्या कोंडलोय.

बाईंनी आर्यला मांडीवर घेतलं. आर्य त्यांचं बोट चोखत होता.

"त्या आजी काय म्हणाल्या, नीट ऐकलंस का?" त्या शेवटी म्हणाल्या. "स्वार तुम्ही. मी घोडा. घोडा त्यांनीसुद्धा दहा-बारा मैलांवर बदलला. दया म्हणून नव्हे, पुढे तो पडतो म्हणून."

बाईंनी आर्यच्या तोंडातून बोट सोडवून घेतलं.

"दोन महिने थांबते. अठरा डिसेंबर. जानेवारीपर्यंतची रजा शंतनू काढील, नाहीतर काहीही करा. तिकीट आत्ता काढायचं, इथं, माझ्यासमोर."

शंतनूनं फोन काढला. हिरवी खूण येईपर्यंत बाईंची नजर स्क्रीनवरून हलली नाही.

संध्याकाळी, मिरजेत सकाळचा चहा झाल्यावर, त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. भाच्यानं फोन अक्कासमोर धरला. अक्कानं चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं.

"कोण आपण?"

"अक्का, पद्मा मी."

"पद्मा अमेरिकेला गेलीय," अक्का समजुतीनं म्हणाली. "मी वाट बघतेय तिची. तुम्हाला भेटते का ती? कधी येणार, काही बोलली?"

पद्मिनीबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"अठरा डिसेंबरला," त्या म्हणाल्या. "तिकीट काढलंय तिनं. मी पाहिलंय."