दोन बोटांनी उचललेला भार

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे, हे मी सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. कारण कालच माझ्या अंगावर नवा निळा रंग चढवला आहे. तो अजून पुरता वाळलेलाही नाही. दारं पुसली आहेत, आत सुवासाची पुडी टांगली आहे, आणि माझ्या मागच्या हुकाला, जिथे ट्रेलर जोडतात तिथे, काळा रंग दोनदा फासला आहे. दोनदा का, ते तुम्हाला हळूहळू कळेल. विक्रीच्या या मोकळ्या आवारात आज कोवळं ऊन पडलं आहे. सगळं कसं छान दिसतंय. म्हणूनच मला धास्ती वाटते आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. देवाने माणसाला दोन हात दिले, तसा कारखान्याने मला पाठीवर एक हौदा दिला आणि मागे एक हुक दिला. हौद्यात घ्यायचं आणि हुकाने ओढायचं, एवढंच माझं विहित कर्म. पहिली काही वर्षं मी एका रंगाऱ्याकडे काढली. तो म्हातारा झाला, त्याचे डोळे अधू झाले, आणि मी याच आवारात येऊन उभी राहिले. माझ्या शेजारी तेव्हा एक लांबलचक, करड्या रंगाची पिकअप होती. माझ्यापेक्षा दीडपट वजनाची. मी तिला मनातल्या मनात थोरली म्हणत असे.

एके दिवशी तिघंजण आले. होड्या बांधणारा एक सुतार, हॉस्पिटलात नर्स असलेली त्याची बायको आणि चिमणी नावाने हाक मारली जाणारी त्यांची मुलगी. सुताराचा जीव थोरलीवर जडला. तो तिच्याभोवती अशा फेऱ्या मारू लागला, जणू काही मुलगीच बघायला आला आहे.

"अहो, रोज मला हॉस्पिटलला न्यायची आहे ही," बायको म्हणाली. "त्या गल्लीच्या वळणात अडकली, तर काय खांद्यावर घेऊन जाऊ?"

"अगं, पण होडी न्यायची वेळ आली की?"

"ती वेळ वर्षाकाठी येते किती वेळा? कधीतरी पाहुणे येतात, म्हणून रोज परातीत जेवायचं का?"

विकणारा माणूस हसला. त्याने माझ्या बॉनेटवर थाप मारली. "ही घ्या, साहेब. रोजच्याला आटोपशीर, आणि ओढायचं म्हणाल, तर घर ओढेल!"

"घर ओढायला ही आहे," सुतार बायकोकडे बोट दाखवून म्हणाला. "गाडीने नुसती होडी ओढली तरी पुरे."

सगळे हसले आणि मी त्यांची झाले. त्यांची निवड चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. रोजच्या संसाराला मीच योग्य होते. फक्त त्या दिवशी एकच प्रश्न विचारला गेला. ही ओढेल का? ओढायचं कसं, मागे किती आणि कुठे लादायचं, हे कुणी विचारलं नाही, आणि विकणाऱ्यानेही आपणहून सांगितलं नाही.

ती वर्षं माझ्या सुखाची होती. सकाळी सुताराची बायको माझ्याजवळ येई. किल्ली फिरवण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवून क्षणभर डोळे मिटायचे आणि मग मला एक पूर्ण प्रदक्षिणा घालायची, हा तिचा नेम होता. चाकं बघायची, मागचे दिवे बघायची. पाऊस असो, अंगात ताप असो, नेम कधी चुकला नाही. सुतार दारातून चिडवायचा, "झाल्या का गुजगोष्टी?" ती नुसती हसायची. डोळे मिटल्याने चाकात हवा भरत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण डोळे मिटून उघडले की नीट दिसतं, असं ती चिमणीला सांगायची.

मग होडी न्यायचा पहिला दिवस आला.

मित्रांनो, इथे मला जरा थांबून तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. लहान मूल आईचा हात धरून चालतं, तेव्हा ते आईवर थोडंसं रेललेलं असतं. ते रेलणं आईला जाणवतं. म्हणून ते कुठे वळतंय, कुठे अडखळतंय, हे तिला न बघताही कळतं. ट्रेलरचंही तसंच आहे. त्याने आपला थोडा भार माझ्या हुकावर टाकायला हवा. त्यासाठी ओझं ट्रेलरच्या पुढच्या अंगाला हवं. ते मागच्या अंगाला गेलं, तर ट्रेलर तराजूसारखा मागे कलंडतो आणि माझ्या हुकाला वर उचलू लागतो.

सुताराची रीत नेमकी उलटी होती. पाण्याच्या उतारावर ट्रेलर मागे नेला, चाकं जेमतेम ओली झाली, की होडी आपसूक घसरून पाण्यात उतरली पाहिजे. "ढकलावी लागली, तर सुतार कच्चा," असं त्याचे वडील म्हणायचे. म्हणून तो होडी ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला बसवायचा. त्याच्या वडिलांनीही जन्मभर तेच केलं होतं. पण त्यांचं आवार पाण्याला लागूनच होतं, आणि होडी चालत्या बैलाच्या गतीने जायची. मुलाचं आवार डोंगराच्या अलीकडे होतं, आणि मधे घाट होता.

त्या दिवशी त्याने ट्रेलरची मान, म्हणजे पुढचा जोडायचा दांडा, माझ्या हुकावर ठेवायला दोन बोटांनी उचलली.

"बघ, बघ! दोन बोटांनी! फूल आहे नुसतं," तो बायकोला म्हणाला. मग त्याने लांब जाऊन माझ्याकडे बघितलं. "आणि ही बघ. एवढी होडी मागे लागली, पण गाडी तसूभर दबली नाही. घर ओढेल म्हणाला, ते खोटं नव्हतं."

माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते. आणि त्याच क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी मागून माझी कंबर धरून मला अलगद वर उचलतंय.

रस्त्याला लागलो. माझी मागची चाकं जमिनीला नीट चिकटेनात. चिमणी मागच्या काचेतून बघत होती.

"बाबा, होडी शेपूट हलवतेय."

"खूश आहे ती," सुतार म्हणाला. "पाण्याकडे चाललीय ना!"

होडी पोचली, आपसूक पाण्यात उतरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतरच्या होड्याही तशाच पोचल्या, आणि प्रत्येक होडी वाटेत शेपूट हलवायची. एका खेपेला सुताराची पाठ धरली होती, म्हणून बायकोने मला चालवलं. परत आल्यावर ती माझ्याजवळ बराच वेळ उभी राहिली.

"अहो, हिची मागची बाजू हातात राहत नाही. तरंगल्यासारखी वाटते."

"तरंगते ना? मग झालं तर! आमच्यात तरंगलं की काम फत्ते."

"आमच्यात पेशंटचं दुखणं एकदम थांबलं, तर आम्ही हसत नाही," ती हळूच म्हणाली. "बरं झालंय की बधिर झालंय, ते आधी बघतो."

सुतार वाईट माणूस नव्हता. त्याने तिचं ऐकलं आणि मला मेकॅनिककडे नेलं. मेकॅनिकने ब्रेक बघितले, स्प्रिंगचे पाटे बघितले, पोटाखाली शिरून ठोकून बघितलं. "गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण ट्रेलर लावून, होडी चढवून आणा एकदा. त्याशिवाय काय कळणार?" ट्रेलरवर तेव्हा लाकूड रचून ठेवलं होतं. पुढच्या खेपेआधी दाखवू, असं ठरलं. घरी येऊन सुताराने सांगितलं, "ठणठणीत आहे म्हणाला." पुढचं अर्धं वाक्य गॅरेजातच राहिलं.

पुढची खेप आली, ती त्याने आजवर बांधलेल्या सगळ्यात मोठ्या होडीची. घेणाऱ्याला होडी पाण्यात उतरताच सुरू करायची होती, म्हणून तिचं जड इंजिन आधीच बसवलं होतं, तेही अगदी मागच्या टोकाला. त्या दिवशी ट्रेलरची मान दोन बोटांनीही उचलावी लागली नाही. ती आपणहून वर आली. उलट सुताराला तिच्यावर गुडघा टेकवून, खाली दाबून माझ्या हुकात अडकवावी लागली.

बायको सोबत जाणार होती. पण हॉस्पिटलातून निरोप आला, एक नर्स आजारी पडली होती. चिमणीला शाळेला सुट्टी होती, ती बापाबरोबर निघाली. निघण्याआधी बायकोने आपला नेम केला. डोळे मिटले, उघडले आणि प्रदक्षिणा घालत मागे आली. तिने हुकाजवळ वाकून ट्रेलरची मान दाबून बघितली.

"हे खालून वर का रेटतंय हो?"

"अगं, भरती उतरेल. पाणी कुणासाठी थांबत नाही. गाडी दाखवून आणलीय ना मी?"

ती क्षणभर घुटमळली. मग तिने चिमणीचा पट्टा लावला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. चिमणी म्हणाली, "आई, श्वास तरी घेऊ दे!" हॉस्पिटलची वेळ झाली होती. वळणाआड जाईपर्यंत ती आमच्याकडे बघत होती, आणि मी, माझ्या छोट्या आरशांतून, तिच्याकडे.

चढावर सगळं शांत होतं. सुतार एक हात खिडकीबाहेर टाकून गुणगुणत होता. माथा ओलांडला, उतार लागला आणि होडीने शेपूट हलवली.

"बाबा, आज जास्त हलवतेय."

सुताराने आरशात बघितलं. त्याचं गुणगुणणं थांबलं.

मित्रांनो, अशा वेळी काय करावं, हे मला ठाऊक होतं. वेग देणारा पाय अलगद उचलावा, स्टिअरिंग सरळ धरावं आणि मला माझ्या वजनाने हळूहळू सावरू द्यावं. पण सुताराचे हात पाण्यात वाढले होते. होडी डावीकडे डोलली की सुकाणू उजवीकडे, उजवीकडे डोलली की डावीकडे. लहानपणापासून हेच त्याच्या बोटांत मुरलं होतं. होडी डावीकडे गेली, त्याने मला उजवीकडे वळवलं. ती उजवीकडे आली, त्याने मला डावीकडे खेचलं. पाण्यात ज्या हातांनी त्याने अनेकदा माणसं वाचवली होती, तेच हात आता प्रत्येक हेलकावा मोठा करत होते. चिमणीने दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला. मग त्याने घाबरून ब्रेक दाबला. माझी मागची चाकं जमिनीवर होती कुठे? ट्रेलर फिरून माझ्या बाजूला आला, क्षणभर होडी माझ्या शेजारून चालताना दिसली, आणि हुक तुटला.

मी कुशीवर आडवी झाले. मघाशी खिडकीबाहेर टाकलेला सुताराचा हात पडताना पुन्हा बाहेर फेकला गेला होता, तो आता माझ्याच दाराखाली होता.

चिमणीला पट्ट्याने धरून ठेवलं होतं. ती रडत होती. ते रडणं ऐकून मी देवाचे जेवढे आभार मानले, तेवढे कधी मानले नसतील. आणि होडी? ती खाली कोरड्या माळावर जाऊन उभी राहिली होती. ताठ, सरळ, कुठे ओरखडासुद्धा नाही. जणू आता पाणी येईल म्हणून वाट बघत होती.

सुताराचा जीव वाचला, हात वाचला नाही. म्हणजे हात आहे, पण मूठ मिटत नाही. रंधा धरता येत नाही. होड्यांचं आवार बंद आहे, असं माझ्या कानावर आलं.

मला भंगाराच्या कुंपणाशी टाकलं होतं, तिथे त्याची बायको एकदा आली. चिमणीचा एक बूट माझ्यात राहिला होता, तो घ्यायला. तिने बूट घेतला. मग चेपलेल्या बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले. नेमाप्रमाणे प्रदक्षिणा घालत मागे आली आणि तुटक्या हुकावर हात ठेवून बसून राहिली.

"तू सांगत होतीस, नाही का गं?" ती म्हणाली.

त्यानंतर मला इथे आणलं. ठोकून सरळ केलं, नवा हुक जोडला, जोड दिसू नये म्हणून दोनदा रंग फासला. गाडी कुठे, कशी पडली, हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं आहे. आणि आज सकाळपासून एक कुटुंब माझ्याभोवती फिरतंय. नवरा, बायको आणि तुमच्याएवढं एक मूल. रोज दुकानात जायला गाडी हवी आहे, आणि अधूनमधून घोडी दुसऱ्या गावच्या कुरणात न्यायला. विकणाऱ्याने माझ्या बॉनेटवर थाप मारली आहे. "घर ओढेल," तो म्हणाला आहे.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. तुमच्या घरी गाडी निवडताना मोठी माणसं विचारतील, ओढेल का? तेव्हा तुम्ही पुढे होऊन विचारा, मागचं ओझं कुठे ठेवायचं? ते गाडीवर थोडं तरी रेलतंय का? मेकॅनिककडे जाल, तेव्हा ओझ्यासकट जा. आणि निघण्याआधी एकदा पूर्ण प्रदक्षिणा घालायचा नेम धरा. त्यात जे दिसेल, ते बोला. मोठी माणसं हसली तरी पुन्हा बोला, आणि उत्तर मिळेपर्यंत गाडीत बसू नका.

सौदा झाला आणि त्यांचा ट्रेलर आला. घोडी मागच्या दाराने आत चढवली आहे आणि मागच्याच कप्प्यात बांधली आहे. पुढचा कप्पा रिकामा. आता तो माणूस ट्रेलरची मान माझ्या हुकाकडे आणतोय. ते मूल बाजूला उभं राहून माझ्या हुकावरच्या ओल्या रंगाकडे बघतंय.

"अरे, बघ बघ," तो माणूस मुलाला हसून म्हणतोय, "दोन बोटांनी उचलतोय!"

बाळा, बोल ना रे काहीतरी.